फोटोतला पक्षी ओळखायचा कसा? नव्या पक्षीनिरीक्षकांसाठी

पक्ष्याचा फोटो मिळाला की बहुतेक नवखे एकच गोष्ट करतात. फोटो मोठा करून बघतात, फील्ड गाइड (पक्षी ओळखायचं सचित्र पुस्तक) उघडतात आणि त्या रंगाचा पक्षी शोधत पानं उलटू लागतात. खंड्या किंवा हळद्या असेल तर दोन मिनिटांत सापडतोही. पण जगात पक्ष्यांच्या सुमारे 11,000 जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी तपकिरी, करड्या, रेघारेघांच्या आणि एकमेकींसारख्या आहेत. शिवाय फोटोत सगळ्यात जास्त बदलतो तो रंगच. म्हणून माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. पक्षी कुठे होता आणि काय करत होता ते आधी, मग त्याची अंगकाठी, मग चेहरा, पंख आणि शेपटी. रंगाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. सुरुवातीला हे संथ वाटतं, पण महिन्याभरात हात बसतो आणि मग रंग न दिसणारा, उन्हाविरुद्ध बसलेला पक्षीही नावानिशी ओळखू येऊ लागतो.

पहिली पायरी: जे फोटोत येत नाही ते टिपून ठेवा

पक्षी दिसला की पुरावा म्हणून एक फोटो पटकन घ्या आणि लगेच कॅमेरा खाली करून पक्षी बघा. दुर्बीण असेल तर दुर्बिणीतून. नव्यांसाठी 8×42 ची दुर्बीण चांगली. यातला 8 म्हणजे किती पट जवळ दिसतं तो आकडा आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दहा पट किंवा त्याहून जास्तीची दुर्बीण भुरळ घालते, पण हात जरा हलला की तिच्यातलं चित्रही तितकंच जास्त हलतं, आणि दिसणारा परिसर अरुंद असल्यामुळे फांद्यांमधला पक्षी शोधण्यातच वेळ जातो.

फोटोत न येणाऱ्या गोष्टींमध्ये सगळ्यात महत्त्वाचं आहे आकारमान. चौकटीत भरून काढलेला शिंजीर आणि चौकटीत भरून काढलेला कावळा, दोघंही स्क्रीनवर सारखेच मोठे दिसतात. त्यामुळे जागेवरच ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून लिहून ठेवा: चिमणीहून लहान, चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. हे पाच टप्पे पुरतात. शेजारी दुसरा एखादा पक्षी बसला असेल तर दोघं एका चौकटीत येतील असा एक फोटो घ्या. त्यासारखी मोजपट्टी नाही. झाडाचं पान किंवा शेंग ओळखीची असेल तर तीही चालते.

दुसरी गोष्ट वागणूक. जमिनीवर चालत होता की टुणटुण उड्या मारत होता? शेपूट सारखी वरखाली करत होता का? एकाच फांदीवरून झेप घेऊन हवेतला किडा पकडून पुन्हा त्याच फांदीवर येत होता का? तसं असेल तर माशीमार, कोतवाल आणि वेडा राघू यांच्या दिशेने विचार सुरू करता येतो. खोडावर उभा चढत होता की डोकं खाली करून उतरत होता? सुतार वर चढतो आणि शेपटीचा टेकू घेतो. शिलिंध्री मात्र डोकं खाली करूनही सहज उतरते. फोटोत ती खोडाला चिकटलेली नुसती एक लहान आकृती असते, पण तुमच्या वहीत ‘उलटी उतरत होती’ एवढे शब्द असतील तर निम्मं काम झालेलं असतं.

तिसरी गोष्ट आवाज. मोबाइलचं रेकॉर्डर चालू करून खिशाबाहेर धरा, तीस सेकंद पुरेत. पानांमध्ये वावरणाऱ्या पर्णवटवट्यांच्या काही जोड्या अशा आहेत की उत्तम फोटो असूनही जाणकार विचारतात, ‘आवाज ऐकला का?’ तिथे फोटोपेक्षा दोन सेकंदांचं ‘चिवीट’ जास्त कामाचं.

आणि जागा. पाणथळ, माळरान, बाग, दाट झाडी, शेताचा बांध, खडकाळ ओढा. मोबाइलने परिसराचा एक रुंद फोटो काढून ठेवलात तरी भागतं. कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ मात्र आजच तपासा. स्थलांतरित पक्ष्याच्या बाबतीत महिना चुकला तर सगळा तर्कच चुकतो.

दुसरी पायरी: ओळख पटेल असा फोटो

देखणा फोटो वेगळा आणि ओळखीचा फोटो वेगळा. देखण्या फोटोत एक सुंदर क्षण लागतो. ओळखीसाठी कोन लागतात. एक कडेने, म्हणजे चोच, डोळा, पंख आणि शेपटी एका रेषेत दिसतील असा. एक पाठीचा. एक छाती-पोटाचा. शेपटीची खालची बाजू दिसली तर तीही. आणि उडताना जमला तर उडतानाचा. हा शेवटचा बहुधा धूसरच येतो आणि नवखे तो सगळ्यात आधी डिलीट करतात. कृपा करून करू नका. बसलेला वंचक (बगळ्याच्या कुळातला पक्षी) मातकट, रेघारेघांचा, चिखलात मिसळून जाणारा असतो. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात. धूसर फोटोतला तो पांढरा फटकारा ओळख पक्की करायला पुरेसा असतो. बसल्यावर झाकलेली कंबर, पंखावरचा पट्टा, शेपटीच्या कडांची पांढरी पिसं या सगळ्या खुणा उडतानाच उघड होतात.

सेटिंगबद्दल थोडक्यात. शांत बसलेल्या पक्ष्याला 1/500 सेकंद शटर पुरतं, चुळबुळ्या लहान पक्ष्याला 1/1000 च्या आसपास, उडत्या पक्ष्याला 1/2000 किंवा त्याहून वेगवान. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवा. दाणेदार फोटोतून पक्षी ओळखता येतो, हललेल्या फोटोतून नाही. फोकस डोळ्यावर, मोड सलग फोकसचा, आणि एका दाबात तीन-चार फोटो. मूकपणे फोटो काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने अनेक कॅमेऱ्यांत वेगाने फडफडणारे पंख वाकडे उमटतात. उडत्या पक्ष्याच्या पंखाचा आकार बघायचा असेल तर यांत्रिक शटर बरं.

उजेडाची एक गोष्ट मात्र नीट शिकून घ्या, कारण कॅमेरा आपणहून ती चुकीचीच करतो. उजळ आकाशापुढे बसलेला पक्षी नुसती काळी आकृती होतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) +1 किंवा त्याहून थोडं वर न्या. आकाश पांढरं पडेल, पडू द्या, पक्ष्याचा तपशील येईल. उन्हातला बगळा मात्र गडद पार्श्वभूमीवर चुन्याचा गोळा होतो, पिसं दिसत नाहीत. तिथे −0.7 ते −1 करा. जळून गेलेला पांढरा भाग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही.

मोठी लेन्स नसेल तर मोबाइलचा कॅमेरा दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला टेकवून काढलेला फोटोही चालतो. थोडी सवय लागते, पण पाण्याच्या काठी उभ्या राहणाऱ्या पक्ष्यांसाठी हा उपाय फार चांगला आहे.

जवळ जाताना

ओळखीच्या नावाखाली पक्ष्याला त्रास देणं मला मान्य नाही, आणि नवखेपणी नेमकं हेच कळत नाही की त्रास कुठे सुरू होतो. खुणा ठरलेल्या असतात. पक्षी खायचं थांबवून तुमच्याकडे बघू लागला, अंग चोरून ताठ झाला, सारखा एकच धोक्याचा आवाज काढू लागला किंवा चोचीत किडा धरून घिरट्या घालत राहिला, की तुम्ही जास्त जवळ आहात. चोचीत किडा असलेला पक्षी समोरच थांबून राहिला असेल तर घरटं जवळपास आहे आणि तुमच्यामुळे त्याला तिथे जाता येत नाहीये. लगेच मागे फिरा. घरट्याचे फोटो काढूच नका. नीट दिसावं म्हणून बाजूला केलेली एक फांदी पिल्लांना उन्हात आणि कावळ्यांच्या नजरेत आणते. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढणं टाळा. तो त्याला आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी समजतो आणि चारा-पिल्लं सोडून भांडायला येतो. घुबडावर फ्लॅश नको. घुबड, शिकारी पक्षी किंवा दुर्मीळ पक्षी यांची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका.

तिसरी पायरी: रंग विसरून आकृती बघा

आता फोटो समोर आहे. एक साधी युक्ती: फोटो कृष्णधवल करून बघा. किंवा कागदावर पेन्सिलीने नुसती बाह्यरेषा काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. रेषा काढायला लागलं की डोळा आपोआप प्रश्न विचारू लागतो. चोच डोक्याच्या तुलनेत किती लांब? सरळ, खाली वाकलेली की टोकाशी आकडा असलेली? मान आहे की डोकं थेट खांद्यावर बसवलंय? पाय लांब की आखूड? शेपटी शरीराएवढी की निम्मी? टोकाला दुभंगलेली, गोल की चौकोनी? बसण्याची ढब उभी की आडवी?

चोच सगळ्यात आधी. जाड, त्रिकोणी चोच म्हणजे दाणे फोडणारा: चिमणी, सुगरण, मुनिया. बारीक टोकदार म्हणजे किडे टिपणारा. लांब, खाली वाकलेली आणि सुईसारखी म्हणजे फुलातला मध पिणारा शिंजीर. आकडा असलेली म्हणजे मांस फाडणारा. माळावरचा मातकट पक्षी चंडोल आहे की तिरचिमणी हा प्रश्न नेहमी पडतो. तिथेही चोच आणि ठेवण मदत करते. चंडोल भरदार, जाडसर चोचीचा, कधी तुऱ्याचा. तिरचिमणी सडपातळ, बारीक चोचीची, लांब पायांची आणि बऱ्याचदा शेपूट हलवणारी.

आकृतीचं महत्त्व पटवायला पावशा (कोकिळेच्या कुळातला) आणि शिक्रा (लहान शिकारी पक्षी) यांच्यासारखी जोडी नाही. दोघंही साधारण एका आकाराचे, पाठीला करडे, छातीला तांबूस, शेपटीवर आडवे पट्टे. पावशा उडतोही शिक्र्यासारखा, चार-दोन वेळा पंख मारून तरंगत, आणि फांदीवर उतरला की लहान पक्षी त्याला शिक्रा समजून कलकलाट करतात. रंगावर गेलात तर फसगत ठरलेली. आता फोटो मोठा करून चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि टोकाला आकड्यासारखी वाकलेली. पावशाची जवळजवळ सरळ, कोकिळेच्या घराण्याला शोभेल अशी. मग पाय. शिक्र्याचे पिवळे, लांब, धारदार नख्यांचे. पावशाचे आखूड, बऱ्याचदा पिसांत झाकलेले, आणि बोटं दोन पुढे, दोन मागे. मग डोळा. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं स्पष्ट दिसतं. तीन खुणा, आणि तिन्हींचा छाती-पाठीच्या रंगाशी काही संबंध नाही. यात जर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू आलं असेल तर फोटो उघडायचीही गरज उरत नाही.

एक सावधगिरी. कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेला पक्षी फोटोत आखूड शेपटीचा आणि गुबगुबीत दिसतो, कारण लांबी आपल्या दिशेने असते. थंडीत पिसं फुलवून बसलेला पक्षी चेंडू होतो. तोच पक्षी घाबरून अंग चोरतो तेव्हा काडी होतो. म्हणून आकृती एका फोटोवरून ठरवू नका, तीन-चार फोटो एकत्र बघा.

चौथी पायरी: चेहरा, पंख, शेपटी

जाणकार फोटोवर बोलताना ‘भुवई’, ‘डोळ्यातली पट्टी’, ‘मिशी’, ‘पंखपट्टी’ असे शब्द वापरतात. ते शिकून घ्या, कारण नावं आली की डोळ्यांना त्या जागा दिसायला लागतात. डोळ्याच्या वरून जाणारी फिकी रेघ म्हणजे भुवई. डोळ्यातून आरपार जाते ती डोळ्यातली पट्टी. चोचीच्या मुळापासून गालाखाली उतरणारी रेघ म्हणजे मिशी. बसलेल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखावर आडवी दिसते ती पंखपट्टी. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला कंबर, खालच्या बाजूला बूड. लालबुड्या बुलबुलाच्या नावातच ती जागा आली आहे.

चेहऱ्यावर किती बारीक खुणा असू शकतात याचं उत्तम उदाहरण म्हणजे पांढरे बगळे. नवख्यांना सगळे एकच वाटतात. काळी चोच, काळे पाय आणि पायांचे पंजे मात्र मोजे घातल्यासारखे पिवळे, तो छोटा बगळा. आखूड पिवळी चोच, जाडसर मान, हनुवटीखाली पिसांचा फुगवटा, तो गायबगळा. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्या-मानेवर नारिंगी छटा चढते. उरतात मोठा आणि मध्यम. दोघंही पिवळ्या चोचीचे, आणि विणीच्या हंगामात दोघांचीही चोच काळी होते, म्हणजे रंगाचा उपयोग नाही. इथे चोचीच्या फटीची रेघ बघायची. चोच जिथे उघडते ती रेघ मागे गालावर गेलेली दिसते. मध्यम बगळ्यात ती डोळ्याखाली येऊन थांबते. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. कडेने काढलेला एक स्पष्ट फोटो असेल तर उंचीचा अंदाज नसतानाही निकाल लागतो. उघड्या डोळ्यांना लांबून हे दिसणं कठीण. फोटोचा खरा फायदा इथे आहे.

फोटोतून नर-मादीही कधीकधी सांगता येतात. लहान निळ्या खंड्याची चोच पूर्ण काळी असेल तर नर, खालची चोच नारिंगी-लाल असेल तर मादी. काळा-पांढरा कवड्या धीवर छातीवर दोन काळे पट्टे मिरवत असेल तर नर, एकच पट्टा आणि तोही बहुधा मध्ये तुटलेला असेल तर मादी.

शेपटीबद्दल एक इशारा. घारीची शेपटी दुभंगलेली असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण वळताना तिने शेपटी पसरली की खाच नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. ब्राह्मणी घारीची शेपटी मात्र गोलसर. प्रौढ ब्राह्मणी घार विटकरी अंग आणि पांढरं डोकं यांमुळे ओळखता येते, पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि दरवेळी घार म्हणून नोंदलं जातं. म्हणून आकाशातल्या शिकारी पक्ष्याचे फोटो सलग घ्या आणि शेपटी मिटलेली असतानाचा एक त्यात असू द्या. पंखाच्या टोकाला सुटी दिसणारी ‘बोटं’ मोजणंही उपयोगी. मधुबाजाला सहा दिसतात, शिक्र्याला पाच.

पाचवी पायरी: आता रंग, पण जपून

निळा रंग पक्ष्यांच्या पिसात बहुतेक वेळा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून तो निळा दिसतो. शिंजिराच्या अंगावरची झळाळीही अशीच रचनेतून येते. त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की जांभळा शिंजीर काळाकुट्ट दिसतो, मान जरा वळवली की निळा चमकतो, आणखी वळवली की जांभळा. एकाच पक्ष्याचे सलग काढलेले तीन फोटो तीन पक्ष्यांचे वाटू शकतात.

उजेडाचे खेळ वेगळेच. कोवळ्या उन्हात करडा पक्षी तांबूस होतो. दाट पानांखाली बसलेल्याच्या पांढऱ्या पोटावर हिरवी झाक येते. सावलीत सगळं निळसर. कॅमेऱ्याचा आपोआप ठरणारा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सोय) त्यात आपली भर घालतो. शक्य असेल तर रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा, तिच्यात हे नंतर सुधारता येतं.

मग अंगाला लागलेल्या गोष्टी. फुलांत डोकं घालणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर परागकण बसून पिवळा टिळा उमटतो आणि कुठल्याच पुस्तकात नसलेला पक्षी तयार होतो. चिखलात उभ्या पक्ष्याच्या पायांचा रंग धुतल्याशिवाय कळत नाही. भिजलेला पक्षी गडद आणि किडकिडीत. काही पक्ष्यांच्या पिसांत रंगद्रव्य कमी उतरतं आणि अंगावर पांढरे डाग किंवा सगळंच अंग फिकं दिसतं. अशा वेळी डोळ्याचा रंग बघा. डोळा नेहमीच्या रंगाचा आणि अंग पांढरं असेल तर ते पूर्ण वर्णहीन नाही. दोन्ही वेळी जात ठरवायची ती आकृतीवरूनच.

आणि खरोखरचे बदल. कोकीळ नर काळाभोर, तर मादी तपकिरी आणि अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. दोघांचे डोळे लाल. जांभळा शिंजीर नर विणीचा हंगाम सरला की मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. अनेक जातींचे बदक नर विणीनंतर पिसं गाळतात तेव्हा काही काळ माद्यांसारखेच दिसतात. मोठ्या कुरवांना (पाण्याकाठचे पक्षी) प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षं लागतात आणि दर वर्षी पिसारा निराळा. म्हणून ‘पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही’ एवढ्यावरून दुर्मीळ पक्षी सापडला असं ठरवू नका. आधी मादी, पिल्लू आणि पिसं बदलणारा नर या तीन शक्यता तपासा.

रंग सोडून द्या असं मी म्हणत नाही. त्याला जागेशी जोडून विचारा. ‘पिवळा आहे’ याला फारसा अर्थ नाही. ‘बुडाशी जास्त पिवळा, पाठ करडी, पाय गुलाबीसर’ याला आहे. करडा धोबी नावाने करडा असला तरी पोटाला पिवळा असतो, आणि त्यामुळे हमखास पिवळा धोबी म्हणून नोंदला जातो. पिवळ्या धोब्याचे पाय काळे. करड्याचे फिकट गुलाबी-तपकिरी, आणि शेपटीही जास्त लांब. पाय दिसत असलेला फोटो निवडा, वाद संपतो.

सहावी पायरी: यादी लहान करत जा

इथवर आलात की तुमच्याकडे तीन-चार उमेदवार उरतात. प्रत्येकासाठी विचारा: हा पक्षी या भागात आढळतो का? या महिन्यात असतो का? अशा अधिवासात असतो का? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातीचा नकाशा आणि महिन्यानुसार नोंदींचे आलेख बघता येतात. 2002 मध्ये सुरू झालेला हा नोंदींचा साठा आज जगभरचे निरीक्षक भरतात. दोन उमेदवार बरोबरीचे वाटले तर सर्रास दिसणाऱ्याला आधी संधी द्या. दुर्मीळ पक्षी सापडतात, पण सर्रास दिसणाऱ्या पक्ष्याची विचित्र पोझ त्याहून कितीतरी जास्त वेळा सापडते.

मग उलट तपासणी. आपल्याला हवं ते नाव मनात धरून जुळणाऱ्या खुणा शोधणं फार सोपं. त्यापेक्षा ‘हा तो नसेल तर कशावरून?’ असं विचारा. फील्ड गाइडमध्ये शेजारच्या जातीचं वर्णनही वाचा आणि दोघांना वेगळं करणारी एक खूण निवडून फक्त तीच फोटोत शोधा.

फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप्स आता चांगली झाली आहेत. कॉर्नेल लॅबचं मर्लिन मोफत आहे आणि ते फोटोसोबत जागा व तारीख विचारतं. ती खरी भरा, कारण त्यावरूनच ते यादी गाळतं. आयनॅचरलिस्टवर अ‍ॅपची सूचना आणि माणसांची मतं दोन्ही मिळतात. माझं म्हणणं एवढंच की आधी स्वतः एक नाव वहीत लिहा, कारणासह, आणि मग अ‍ॅप उघडा. नावं जुळली तर आनंद, नाही जुळली तर खरा अभ्यास तिथून सुरू होतो. अ‍ॅपचं उत्तर तसंच्या तसं नोंदीत उतरवलंत तर तुमचा डोळा तयार होत नाही, आणि चुकलेलं उत्तर तुमच्या नावावर कायम राहतं.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. धूसर फोटो ‘सुधारणारी’ कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरून ओळख पटवू नका. ती हरवलेला तपशील परत आणत नाहीत, अंदाजाने नवा तपशील रंगवतात. नसलेली भुवई उमटते, पंखपट्टी ठळक होते, आणि फोटो इतका खरा दिसतो की कुणाला शंका येत नाही. उजेड कमी-जास्त करणं, कातरणं, थोडा कॉन्ट्रास्ट, एवढ्यावर थांबा. मूळ फाइल जपून ठेवा.

सातवी पायरी: विचारायचं कसं, नोंदवायचं कसं

जाणकारांना फोटो पाठवताना सोबत तारीख, वेळ, परिसर, आकारमान, वागणूक, आवाज आणि तुमचा स्वतःचा अंदाज लिहा. ‘हा कोण?’ एवढ्याच प्रश्नाला मिळणारं उत्तर एका शब्दाचं असतं. ‘मला मध्यम बगळा वाटतो, कारण फटीची रेघ डोळ्याखाली थांबतेय’ असं लिहिलंत तर समोरचा माणूस कारणासह दुरुस्त करतो, आणि ते कारण आयुष्यभर पुरतं. कातरलेला फोटो द्या, पण न कातरलेलाही द्या. बाजूची झाडी, पाणी, दुसरे पक्षी यांतून त्यांना बरंच कळतं. सगळे कोन पाठवा, फक्त सुंदर एक नको.

काही फोटोंना नाव मिळणार नाही. पर्णवटवट्यांचे, तिरचिमण्यांचे, उन्हाविरुद्ध उडणाऱ्या शिकारी पक्ष्यांचे तर बरेच. तिथे ‘तिरचिमणीपैकी एक’ अशी नोंद पूर्णपणे योग्य आहे. ई-बर्डवरही जात न ठरलेल्या पक्ष्यांसाठी अशा नोंदींची सोय आहे. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा ती अभ्यासकांच्या जास्त कामाची असते. नेहमीच्या यादीबाहेरचं नाव भरलंत की तिथले स्वयंसेवक परीक्षक तपशील विचारतात. तो अविश्वास समजू नका. तुमचे फोटो आणि जागेवरचं टिपण घालून शांतपणे उत्तर द्या.

फोटोंच्या फाइलींना तारीख, जागा आणि जात अशी नावं द्या. ओळख पक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाका आणि असे सगळे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. वर्षातून एकदा तो फोल्डर उघडा. मधल्या काळात रोजचेच पक्षी, म्हणजे बुलबुल, मैना, साळुंकी, दयाळ, कोतवाल, सगळ्या कोनांतून, सगळ्या उजेडात, ऊन-पावसात, पिल्लांसकट बघत राहा. नर, मादी, पिल्लू, भिजलेला, फुगलेला, उडणारा, असा प्रत्येकाचा एक संच तयार करा. अनोळखी पक्षी बाजूला ठेवून ताडायला हाच संच फील्ड गाइडइतका उपयोगी पडतो, आणि प्रश्नचिन्हाच्या फोल्डरमधले निम्मे पक्षी शेवटी याच संचातले निघतात.